पहिल्या पाण्याचा मान

पोटॅश महाग झाला आणि युरिया तेवढा स्वस्त राहिला, तेव्हापासून तिरुवैयारूकडच्या आमच्या गावात जो तो मुठीच्या जागी घमेलंभर युरिया टाकायला लागला. वर औषधाची फवारणी. ते सगळं उतरायचं वायक्कालात, म्हणजे कावेरीच्या आमच्या पाटात. त्या पाटाच्या घाटावर आडी अठराला, म्हणजे तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीच्या सणाला, माझी यंदाच लग्न झालेली नात हरिणी लग्नाचे हार पाण्यात सोडणार होती, ओंजळभर पाणी पिणार होती. माझ्या सासूनं, मी, माझ्या लेकीनं तिथंच केलं. मला त्या दिवशी पाणी स्वच्छ हवं होतं. बस.

शेतकी ऑफिसातली नित्या आली. एवढीशी पोर. सगळ्यांना देवळाच्या मंडपात बसवून म्हणाली, फवारल्यावर पाच दिवस शेतातलं पाणी पाटात सोडू नका.

"मधे पाण्याची पाळी आली तर?" बाळकृष्णरावांनी विचारलं. त्यांचं शेत माझ्या खालचं.

"एक पाळी सोडा. पीक मरत नाही. नाहीतर मासे मरतील."

"मासे कुठं मत देतात?" तुळजाराम म्हणाला. ऑफिसनं वाटलेले गरम बोंडे खाता खाता सगळे हसले.

मी उठले. "फुकटच्या बोंड्यांसाठी आलात, ठाऊक आहे मला. पाटाच्या तोंडाशी शेत माझं. आधी मी पाळते. मग बघते कोण बांध फोडतो ते."

"अक्का पाळतील तर आम्हीही पाळू," बाळकृष्णराव म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. नित्या माझ्या पाया पडली, वेडी.

आडीच्या चौदाला फवारलं. सोळाला सकाळी पाळी आली. शेत काठोकाठ भरलेलं. जुनं, औषधाचं पाणी पाटात काढल्याशिवाय नवं घेता येत नाही.

पहिलं पाणी आमच्या घरानं कधी कुणाला दिलेलं नाही. सासरे वारले त्या दिवशीही आधी पाणी घेतलं, मग त्यांना उचललं.

बांधावर बाळकृष्णराव फावडं घेऊन उभे. "अक्का, माझं फवारायचं राहिलंय. तुम्ही पाळी सोडताय, तर यंदा पहिलं पाणी मी घेऊ?"

हसले नाहीत ते. खोटं कशाला बोलू? पण मला हसल्यासारखे दिसले.

"सांबशिवा, बांध फोड," मी गड्याला म्हटलं.

"अम्मा, पाच दिवस..."

"फोड म्हणते ना!"

दुपारपर्यंत खालचे सगळे बांध फुटले. मला कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील?

अठराला चित्रान्नाचे, सणाच्या रंगीत भातांचे डबे घेऊन आम्ही बायका घाटावर गेलो. पायऱ्यांना मेलेले मासे लागलेले. हरिणी दुसऱ्या पायरीवर थांबली.

"आज्जी, हे पिऊ?"

मी तिला घरी आणलं. परसातल्या बोअरच्या नळाखाली तिनं ओंजळ धरली. नळाखाली हार वाहत नाहीत. ते तिनं पिशवीत घालून मद्रासला परत नेले.

पुढच्या वर्षी नित्या पुन्हा आली. मंडपात बोंडे होते, माणूस नव्हतं. मीही गेले नाही.

पहिलं पाणी मीच घेतलं.