इबुकीचं कोपर आणि माझा संशय

मित्रांनो, जुना म्हणा, कळकट म्हणा, जवळ घेतलं की वास येतो म्हणा, मी रागावणार नाही. मी बेसबॉलचा ग्लोव्ह आहे, आणि तोही कॅचरचा. पिचर उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, तेव्हा सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. समोर उकिडवा बसून जो तो चेंडू झेलतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी तर त्याच्या डाव्या हातात! अशा जागी आयुष्य काढल्यावर माणूस संशयी होतो, मग ग्लोव्हचं काय घेऊन बसलात? समोरचा फलंदाज खरंच मारणार आहे की नुसता आव आणतोय? बेसवर उभा असलेला तो पोरगा पळायच्या बेतात तर नाही ना? शंका घेतली नाही तर चेंडू सुटतो. म्हणून मी सगळ्यांवरच संशय घेतो. सध्या तुमच्यावरही घेतोय. तुम्ही हे शेवटपर्यंत वाचणार आहात ना?

माझा जन्म जपानमधल्या नारा शहरात, एका बोळातल्या कारखान्यात झाला. माझं चामडं एका अडेल बैलाचं. तो इतका हट्टी होता की त्याचं कातडंसुद्धा दुमडायला तयार होईना, दोन कारागीर नोकरी सोडून गेले. तिसऱ्याने मला लाकडी हातोड्याने बडव बडव बडवलं, तेल पाजलं, पोटात चेंडू कोंबून पट्ट्याने आवळून ठेवलं. एवढं सोसल्यावर गोड स्वभाव कुठून आणायचा?

तिथल्याच एहिमे प्रांताच्या किनाऱ्यावर एक लहान गाव आहे. पुढे समुद्र, मागे संत्र्यांचे डोंगर. तिथल्या शाळेच्या संघाचे कॅचर होते हिरोओका. त्यांनी मला विकत घेतलं. संघाचे प्रशिक्षक शिराइशी सर तेव्हा तरुण होते आणि आतासारखेच तापट होते. त्यांनी हिरोओकांना एक विद्या शिकवली. चेंडू तळव्यावर घ्यायचा नाही, अंगठा आणि बोटांच्या मधल्या खोबणीत घ्यायचा. आणि तो पोचण्याआधी हात किंचित पुढे नेऊन त्याला गाठायचं. मग माझ्यातून असा आवाज निघतो, चटाक्!

"चेंडू मेलेला असू दे," सर ओरडायचे, "आवाज जिवंत निघाला पाहिजे! पिचरला वाटलं पाहिजे की आज आपण तोफ आहोत. पिचर खूष ठेवणं हे कॅचरचं काम!"

माझा आवाज त्या काळी पंचक्रोशीत गाजला होता. एकदा तर बेटाकडे निघालेल्या बोटीच्या कप्तानाला वाटलं की दोरखंडच तुटला, आणि तो बोट वळवून धक्क्याला परत आला. खोटं वाटतं? कप्तानालाच विचारा. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे हिरोओकांनी मासळीचं दुकान टाकलं आणि मी माळ्यावर गेलो. जाळी, फुटक्या टोपल्या आणि मी. माझ्या अंगठ्यात उंदरांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. कुणी साधं तेलाचं बोट लावलं नाही. असाच एक दिवस त्यांचा पुतण्या गेंता माळ्यावर चढला, मला उचलून त्याने वास घेतला आणि शिंकला.

"काका, हा मला देता?"

"घे की. आधी उंदरांची परवानगी काढ!"

गेंता जाड मानेचा, कमी बोलणारा पोरगा. त्याने मला पुसलं, तेल चोळलं, उसवलेल्या शिवणीत नवी चामडी वादी ओवली. मी पुन्हा मैदानावर आलो. आणि तिथे मला इबुकी भेटला.

इबुकी ओची म्हणजे गावाचं नाक. संत्र्याच्या बागेत वाढलेला, लांब हातांचा, हसरा. त्याचा चेंडू खरोखरच असा यायचा की मला विद्येची गरजच पडायची नाही. पण वसंतात, एका सरावाच्या सामन्यात, त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूने कळ निघाली. डॉक्टरांनी फोटो काढले. फोटोत नीट काही दिसेना. स्नायुबंध ताणलाय, थोडा फाटलाही असेल, विश्रांती घे, मग हळूहळू फेकून बघ, दुखलं तर थांब, असं ते म्हणाले. गावातला हाडवैद्य म्हणाला की बरा होणार, शंकाच नको. मला तिथेच शंका आली.

दुखलं तर थांब! पण दुखतंय हे सांगणार कोण? डॉक्टर इबुकीला विचारणार. आई इबुकीला विचारणार. इबुकी सगळ्यांना एकच उत्तर देणार, "छे, मस्त आहे." शेवटचं वर्ष होतं त्याचं. उन्हाळ्यातली स्पर्धा हुकली की शाळेचा बेसबॉल संपला.

विश्रांतीनंतर तो परत आला, आणि पहिलाच चेंडू माझ्यात पडला तेव्हा मी चपापलो. चेंडू मऊ होता. शिळ्या भाकरीसारखा नाही हो, शिळ्या भाकरीत निदान जोर असतो! पण गेंताने हात पुढे नेला, खोबणीत गाठलं आणि, चटाक्! मी गाजलो.

"कसा आला?" इबुकीने लांबून विचारलं.

"तोफ!" गेंता म्हणाला.

मला गेंताचा संशय आला. हा का फुगवतोय त्याला? रोज मऊ चेंडू, रोज चटाक्. शिराइशी सर आता म्हातारे झाले होते. ते मैदानाकडे पाठ करून बाकावर बसायचे, जवाचा गार चहा प्यायचे आणि नुसता आवाज ऐकायचे. "आवाज सांगतो सगळं," असं म्हणायचे. मित्रांनो, गंमत बघा. ज्यांनी ही विद्या शिकवली, तेच त्या विद्येला फसले! सर आवाजावर विश्वास ठेवत होते, इबुकीही आवाजावरच ठेवत होता.

स्पर्धा तोंडावर आली. त्या दुपारी सरांनी पेला खाली ठेवला आणि मान न वळवताच जाहीर केलं, "परवा पहिल्या सामन्यात इबुकी टाकणार. पोरगा परत आलाय!"

सगळ्यांनी टोप्या उडवल्या. राखीव पिचर तोमोया, म्हणजे गेंताचा धाकटा भाऊ, त्यानेही उडवली. पण जरा उशिरा. तेही मी टिपलं.

मग सगळे मैदानाच्या कडेच्या नळावर गेले. पोरांनी टॉवेल नळाखाली भिजवले, पिळले आणि मानेवर टाकले. इबुकीने भिजवला आणि तसाच गळका मानेवर टाकला. पाणी पाठीवरून चड्डीपर्यंत गेलं.

"इबुकी, चड्डी ओली झाली की रे," कुणीतरी खिदळलं.

"गार वाटतं," इबुकी म्हणाला.

गेंता हसला नाही. मला हातात घट्ट धरून तो त्या टॉवेलकडे बघत राहिला.

"आणखी थोडे टाक," तो म्हणाला. "चल."

इबुकीने फेकला. गेंताने हात पुढे नेलाच नाही. चेंडू आला आणि माझ्या तळव्यावर पडला. भद्.

सरांचा पेला अर्ध्यावर थांबला. पुन्हा, भद्. आणखी एक, भद्. लाजेने माझं चामडं तडकायचं बाकी राहिलं. सर वळले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मैदानाकडे तोंड केलं.

"गेंता! झोपा काढतोयस काय?"

इबुकी उंचवट्यावरून तरातरा चालत आला. "काय चाललंय तुझं? मुद्दाम करतोयस!"

"आजपर्यंत मुद्दाम करत होतो," गेंता म्हणाला. "आता जसा येतोय तसा घेतोय."

"कळलं मला. तोम्याला उभं करायचंय तुला. सरळ सांग की, भावाचं भलं बघतोय म्हणून!"

तोमोयाची मान खाली गेली. आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. आधी फुगवायचं, मग ऐन वेळी टाचणी लावायची. बेत तर पक्का दिसत होता. गेंताचा तळवा माझ्या आत घामाने भिजला होता. चोराचा घाम असाच असतो, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

गेंताने इबुकीच्या मानेवरचा टॉवेल ओढला आणि त्याच्यापुढे धरला.

"पीळ."

"काय?"

"टॉवेल पीळ. पिळलास तर मी सगळ्यांसमोर तुझे पाय धरतो, आणि परवा तूच टाक."

इबुकीने टॉवेल हातात घेतला. दोन्ही मुठी आवळल्या. डावी वळली. उजवी वळेना. टॉवेलातून पाणी आपोआप ठिबकत राहिलं, त्याच्या बुटांवर. तो ओठ चावून उभा होता, आणि सगळे त्याच्या मुठीकडे बघत होते.

"दुखतंय," तो म्हणाला. इतक्या हळू की मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

सर उठून आले. आता गेंताला बोलणी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. "आवाज कुणी काढायला सांगितला होता तुला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

सरांनी इबुकीच्या हातातून टॉवेल घेतला, स्वतः करकचून पिळला आणि त्याच्या कोपराभोवती गुंडाळला. मग सगळ्यांदेखत, एवढा तापट माणूस, माफी मागत इबुकीपुढे कमरेत वाकला.

तोमोयाने जीव तोडून फेकलं. आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. गावात काही जण अजूनही म्हणतात की गेंताने भावासाठी इबुकीचा काटा काढला. मासळीच्या दुकानात त्याच्या काकांनाही ऐकवतात. गेंता उत्तर देत नाही. मी देतो, पण ग्लोव्हचं कोण ऐकतं?

आता थंडी पडली आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, यावर डॉक्टरांचं अजून ठरत नाही. एक म्हणतो करा, दुसरा म्हणतो थांबा. दोघांवरही माझा संशय आहे. रविवारी इबुकी आणि गेंता बंधाऱ्यावर येतात. अगदी जवळून, हलकेच, थोडेसेच चेंडू टाकतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादा ग्लोव्ह असेल तर त्याला खाली काढा. तेल लावा, उन्हात टाकू नका, उंदरांना हाकला. आणि तुमचा मित्र पुन्हा पुन्हा "मस्त आहे" म्हणू लागला, की माझ्यासारखा थोडा संशय घ्या. तो चिडेल, बोलायचाही बंद होईल. चिडू द्या.

इबुकीही बरेच दिवस गेंताशी बोलत नव्हता. मग गेल्या रविवारी त्याने चेंडू टाकला, कोपर हळूच चाचपलं आणि विचारलं, "कसा आला?"

"मेलेला," गेंता म्हणाला.

"दुखलं मात्र नाही."

"खरं?"

इबुकीने जरा विचार केला. "थोडं दुखलं," तो म्हणाला, आणि चेंडू खिशात टाकून गेंताच्या शेजारी येऊन बसला.