एकोणिसावं मिनिट

जरा पुढं सरकून बसा, माउली. मागं बसलात तर टेबलफॅनच्या घरघरीत माझं बोलणं बुडेल, आणि आजची कथा त्या घरघरीतलीच आहे. फार लांबण नाही लावत. एका दिवसाची आहे.

विश्वेशनं कॉम्प्युटरच्या कुशीचं पत्र्याचं झाकण काढलं, भिंतीला टेकवलं आणि टेबलफॅन ओढून त्या उघड्या कुशीसमोर लावला. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान चौऱ्याण्णव दिसत होतं. वैशाखातलं साडेअकराचं ऊन, पंचवटीतलं सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर, डोक्यावर तापलेली गच्ची. पंखा लागला तसा आकडा नव्वदवर उतरला. विश्वेशनं हात जोडले, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उद्या त्याच्या वडिलांचं, रंगनाथबुवांचं, वर्षश्राद्ध. बुवा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळ्या करायचे आणि सुट्टीला कीर्तनं. त्यांचं एकच कीर्तन टेपवर होतं, कळवणचं, बावन्न मिनिटांचं. बुवा गेले त्या आठवड्यात विश्वेशनं ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. आईनं, चंद्रभागाबाईंनी, विचारलं होतं, आवाज आला ना सगळा मशीनमध्ये? आला, म्हणाला हा. मग बाईंनी ती कॅसेट अस्थींबरोबर रामकुंडात सोडली. जे ह्यांचं, ते ह्यांच्याबरोबर.

वर्षभर त्यांचं मन ऐकायला धजलं नाही. आज संध्याकाळी सहाला ऐकते, म्हणाल्या. टेपला खरखर फार, म्हणून विश्वेशनं गर्दीतून एकच आवाज वेगळा काढणारा प्रोग्रॅम लावला. त्यानं अकरा तास मागितले. सकाळचे नऊ वाजले होते. तेव्हा विश्वेशनं प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कारखान्यानं ठरवून दिलेला वेग ओलांडून पळवला. व्होल्टेज थोडं चढवलं, अर्धा तास चाचणी घेतली, ती पास झाली. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून साफ झालेलं जुन्याच्याच जागी लिहायला सांगितलं.

बाराला पडदा निळा झाला, म्हणजे मशीन कोलमडलं.

पुन्हा चालू केला. वेग थोडा उतरवला, व्होल्टेज आणखी चढवलं. पुन्हा निळा. तिसऱ्यांदा मशीन उठलं, पण फाइल उघडेना. मग त्यानं ललितला फोन लावला. हे मशीन ललितनंच जोडून दिलं होतं.

"अर्धा तास टिकलं म्हणजे स्टेबल नसतं रे, विशू."

"सकाळी व्यवस्थित चाललं होतं."

"सकाळी तर आपलं नाशिकपण महाबळेश्वर असतं. आता बाहेर पाय ठेवून बघ." ललित हसला, मग थांबला. "कॉपी काढलीस ना?"

विश्वेशनं टेबलफॅन आणखी जवळ ओढला.

"बरं, कॅसेट तरी आहे?"

खिडकीतून नदीकडची झाडं दिसत होती.

"नाही."

"मग मूळ वेगावर आण," ललित हळू आवाजात म्हणाला, "आणि जेवढं उघडेल तेवढं वाचव."

उघडली ती एकोणीस मिनिटं. पुढं सगळा चुरा. मशीन आता पंचावन्न अंशांवर गाईसारखं शांत बसलं होतं. सकाळी हवा होता तो स्थिरपणा आता आला होता.

सहाला चंद्रभागाबाई आल्या. हातात टाळ. तीस वर्षं त्या बुवांच्या मागं टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या. विश्वेशनं खुर्ची पुढं केली.

"बसून टाळ धरतात होय रे?"

"आई, आधी ऐक ना जरा—"

"आधी लाव. मग बोल."

त्यानं लावलं. बुवांचा आवाज आला, धुतल्यासारखा स्वच्छ. बाईंनी मान कलती केली. थोडा वेळ ऐकलं.

"मागं कोणीच नाही?"

"गोंगाट काढला गं सगळा."

"मी होते त्यात." रागानं नाही म्हणाल्या. पदर खोचला आणि आपल्या जागी उभं राहावं तशा टाळ वाजवू लागल्या.

एकोणिसाव्या मिनिटाला बुवा अर्ध्या शब्दावर तुटले. खोलीत टेबलफॅनची घरघर तेवढी राहिली.

आता, माउली, तुम्हाला ठाऊकच आहे. बुवा पाणी प्यायला थांबले, कधी कंठ दाटला, तर मागच्यांनी भजन खाली पडू द्यायचं नसतं. ते पुन्हा उचलेपर्यंत धरून ठेवायचं.

बाईंनी धरलं. जय जय रामकृष्ण हरी. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. डोळे त्या उघड्या कुशीच्या डब्यावर. विश्वेशचा हात माऊसवर होता, आणि दाबण्यासारखं काहीच नव्हतं.

"आई."

कीर्तनात बोलणाऱ्याला करतात तशी त्यांनी मान हलवली. मग लय किंचित सैल केली. बुवांना परत शिरायला सोपं जावं म्हणून त्या नेहमीच तसं करत.

विश्वेशनं उठून टेबलफॅन बंद केला.

बुवांचं नाव काय, उद्या घेतलं जाईलच. श्राद्धाच्या पानावर बसतील ते सगळे घेतील. तुम्ही घरी गेल्यावर, माउली, मागं टाळ धरून उभ्या असलेल्या त्या बाईंना तेवढं आठवा.