माहेरच्या शाळेचे गुण

राहीबाईचं सासर पायरवाडी आणि माहेर जांभूळकोंड. दोन्ही गावं पोलादपूरच्या वरच्या अंगाला, मध्ये एक ओढा आणि एक दमवणारी चढण. दोन्हीकडे जिल्हा परिषदेची शाळा, आणि दोन्ही गावांना आपलीच शाळा भारी असं वाटायचं. पायरवाडीच्या शाळा समितीची अध्यक्ष राहीबाई, तर जांभूळकोंडचा अध्यक्ष तिचा धाकटा भाऊ महादू. आतापर्यंत यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते सुंदर शाळेच्या स्पर्धेनं. केंद्रप्रमुख सुनील सरांनी यंदा नवीच टूम काढली. एका गावच्या अध्यक्षानं दुसऱ्या गावची शाळा तपासायची आणि गुण द्यायचे. चिठ्ठ्या टाकल्या, आणि राहीबाईच्या वाट्याला नेमकं माहेर आलं, महादूच्या वाट्याला पायरवाडी.

"गेला आपला नंबर ओढ्यात," तिचा नवरा कुशाबा म्हणाला. पायरवाडीत सगळ्यांच्या मनात हेच होतं, तो बोलून मोकळा झाला. "बहीण भावाला कमी गुण देईल व्हय?"

"माहेर माझं हाय," राहीबाई म्हणाली, "पण पेनबी माझंच हाय."

बोलली खरी, पण चढण उतरताना तिचा हिशेब काही जुळेना. गुण जास्त दिले तर सासरी तोंड दाखवायला जागा नाही. कमी दिले तर भाऊ दुखावणार, आणि माहेरचं दार एकदा जड झालं की बाईनं जायचं कुठं?

जांभूळकोंडला मात्र कसली चिंता नव्हती. गावची लेक तपासायला येते म्हणजे काम फत्ते! शाळेच्या अंगणात सगळा गाव जमला होता, दारात रांगोळी होती, भिंतींवर झाडं-पक्षी रंगवले होते, बागेतल्या झेंडूला कुणी हात लावू नये म्हणून दोरी बांधली होती. पोरांनी पाढे म्हटले, गोष्टी वाचून दाखवल्या, एकही पोर अडखळलं नाही. राहीबाईचा ऊर भरून आला. आपल्या माहेरची पोरं ही! पायरवाडीच्या शाळेचा पत्रा गळतो, भिंतीला पोपडे आलेत, हे तिला सारखं आठवत होतं. तिनं हात आखडता न घेता गुण दिले. शेजारी उभे राहून सुनील सर बघत होते.

मग महादूनं छाती पुढं काढून तिला आणि मागोमाग सगळ्या गावाला शाळेच्या मागच्या बाजूला नेलं. मुंबईकर मंडळानं मुलींसाठी नवीन संडास बांधून दिला होता. वरपर्यंत फरश्या, निळा दरवाजा, दारावर मुंबईकरांच्या नावांची पाटी. आणि कडीला हे एवढं कुलूप.

"कुलूप का रे?"

"पोरं घाण करतात, आक्का. बक्षीस मिळंपर्यंत चकाचक रव्हायला नको? म्हणून किल्ली माझ्याकडंच ठेवलीय." महादूनं खिशावर थाप मारली.

राहीबाईनं बाजूला उभ्या श्रुतिका नावाच्या शाळकरी पोरीला विचारलं, "मग तुम्ही पोरी कुठं जाता गो?"

"जवळ ऱ्हातात त्या घरी पळतात," श्रुतिका म्हणाली. "आम्ही लांबच्या, धनगरवाड्यावरच्या, पाणीच पीत नाय."

राहीबाईनं ते कुलूप हातात धरून बघितलं. ह्याच शाळेत तीही संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसायची. तेव्हा संडासच नव्हता. जरा मोठी झाल्यावर पोटात दुखायला लागलं, लाजही वाटायला लागली, आणि एक दिवस तिची शाळा सुटली. हुशार होती, गुरुजी दोनदा घरी येऊन गेले होते. ते सगळं तिला आज इथं, ह्या चकचकीत दारासमोर आठवलं, आणि तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात महादूची बायको तुळसा ताट घेऊन आली. ती शाळेत पोरांचा भात शिजवायची. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. "वन्सं, पदर धरा. माहेरवाशिणीला रिकामी कशी पाठवू?"

सुनील सर खाकरले. महादूला हसू आवरेना. लेक ओटी घेणार आणि मग भावाच्या शाळेला कमी गुण लिहिणार? शक्यच नाही.

"थांब गो तुळसा," राहीबाई म्हणाली. "आधी गुण, मग ओटी."

तिनं संडासाच्या पुढं शून्य लिहिलं आणि कागद सुनील सरांच्या हातात दिला. सरांनी मोठ्यानं वाचलं. महादूचा चेहरा उतरला. "आक्का, सगळ्या गावासमोर?"

"गावासमोरच बोलायचं हाय मला. आमच्या पायरवाडीला फरश्या नायत रे. दार फळ्यांचं हाय. पण बादली मी भरून ठेवते, नि कडी आतून हाय. तुझ्या शाळंला कुलूप भायेरून."

महादूनं मान फिरवली. राहीबाईला वाटलं, तुटलं माहेर. तिनं पदर कमरेला खोचला आणि निघायला वळली.

"वन्सं, थांबा." तुळसानं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्यापुढं हात केला. "अवो, किल्ली द्या हिकडं."

महादूनं बायकोकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि खिशात हात घातला. पण किल्ली त्यानं दिली नाही. स्वतःच जाऊन कुलूप काढलं. श्रुतिका सगळ्यांच्या आधी आत शिरली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तुळसानं मग रीतसर ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. आणि त्या सगळ्यावर महादूच्या हातातलं कुलूप घेऊन ठेवलं. "खण-नारळ सगळ्याच लेकींना मिळतो, वन्सं. ह्ये तुमचं. हितं आता कुणाला लागायचं नाय."

त्या वर्षी बक्षीस हायवेजवळच्या तिसऱ्याच शाळेनं नेलं. पायरवाडीला गुण देताना तिथला गळका पत्रा महादूनंही सोडला नव्हता. पण ते नंतर. त्या दिवशी कुशाबा ओढ्यावर वाट बघत उभा होता.

"काय दिलं माहेरानं?"

राहीबाईनं पदर उघडून दाखवला.

"कुलूप? ओटीत कुलूप घालतात व्हय कुठं?"

"माझ्या माहेरी घालतात," राहीबाई म्हणाली, आणि पदर सावरून ताठ मानेनं चढणीला लागली.