एकाच डिस्कमधला माल

सन २००७. घाटंजीच्या कापूस जिनिंगमधले चार नवे संगणक यवतमाळच्या मुख्य ऑफिसच्या नेटवर्कला जोडून दिले, की देखभालीचं वर्षाचं काम निजामुद्दीनचाचांच्या दुकानाला मिळणार होतं आणि तिथली माझी नोकरी पक्की होणार होती.

आधी मला मेमरी कमी वाटली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खोक्यावर किमान पाचशे बारा एमबी लिहिलेली, म्हणून जिनिंगच्या शेटजींनी तेवढीच घेतली होती. मी ती दोन जीबी केली. यंत्रं पळू लागली, पण नेटवर्क त्यांना घेईना. मग सिस्टिमची आवृत्ती पाहिली. ती सगळ्यात स्वस्त, घरगुती वापराची होती. तिच्यात ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सोयच नसते.

"म्हणजे नवी डिस्क घ्या लागते?" शेटजींनी विचारलं.

"डिस्क हेच. वरची आवृत्तीबी हिच्यातच आहे. फक्त तिचं लायसन्स घ्या लागते."

"माल आतच आहे, तर पैसे कायचे? लुटून राह्यले लेकाचे."

खिडकीबाहेर वजनकाट्याजवळ एका शेतकऱ्याची बैलबंडी उभी होती. शेटजींचा माणूस तिच्यातला कोरडा कापूस हात न लावताच ओला ठरवून भाव पाडत होता.

"एकाच कापसाले तुम्ही दोन भाव लावता, शेटजी. तसंच हे," मी म्हणाले.

चाचा खाली वाकून वायर गुंडाळू लागले. शेटजी हसले. "पोरगी हुशार आहे, चाचा."

दुसऱ्या दिवशी वणीच्या एका दुकानदारानं चोरीचं लायसन्स टाकून चारही संगणक जोडून दिले आणि वर्षाचं काम नेलं.

"तू खोटं नाही बोलली, बेटा," चाचा म्हणाले. "पण उद्यापासून नको येऊ."