मुद्देमालातली घंटा

मित्रांनो, माझ्या कडीला अजून लाखेचा एक डाग आहे. तो पोलिसांच्या मोहोरेचा आहे. मी काशाची एक जुनी घंटा. एका माणसाच्या मरणाच्या खटल्यात पोलिसांनी मला मुद्देमाल म्हणून पुण्याच्या कोर्टात नेलं होतं. तेव्हापासून कोणी जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं, की मला वाटतं, हाही संशयानंच पाहतो आहे.

पुण्यातल्या एका ओताऱ्यानं मला घडवलं. मातीच्या साच्यात तांबं आणि कथील ओतलं, निवल्यावर कानशीनं घासलं, लोलक अडकवून एकदा वाजवलं आणि मान डोलावली. तिथून मी तळवड्याच्या भैरोबाच्या देवळात गेले. येणारा प्रत्येक जण मला वाजवून मगच देवाकडे पाही. ते माझे मानाचे दिवस होते. पुढे कोणीतरी नवस फेडताना माझ्याहून मोठी घंटा वाहिली आणि मला उतरवून सभामंडपाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली टाकलं. तिथेच मला डॉक्टर दुर्गाबाई भेटल्या. गावात रोगी पाहायला आल्या होत्या. त्यांनी पंचांकडे मला मागितलं आणि पंचांनी देऊन टाकलं.

दुर्गाबाई मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या. आधी त्या मोठ्या सरकारी इस्पितळात काम करत. तिथल्या कुलपांना कंटाळून त्यांनी चिंचवडला एक बंगली घेतली आणि थोडेसेच रोगी ठेवायला सुरुवात केली. दिवसा दाराला कुलूप घालायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दार उघडलं की त्याच्या फळीचा धक्का लागून मी वाजायची आणि आत असेल ते माणूस बाहेर येऊन पाहायचं. एवढ्यासाठीच त्यांनी मला चौकटीवर टांगलं होतं. त्यांच्या लेखी मी एक साधन होते, जसा तापमापक.

गावाला ती बंगली पटली नव्हती. तिथे सुया टोचून माणसं मुकी करतात, असं लोक बोलत. बायका पोरांना घेऊन पलीकडच्या वाटेनं जात. बंगलीवर कामाला टिकली ती एकटी अंबुबाई. ती तळवड्याची सून. स्वयंपाक करायची, दुपारी दारापाशी बसून धान्य निवडायची. मला तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. दारातून जाता-येता ती मला हात जोडी. दुर्गाबाई हसत, पण कधी काही विचारत नसत.

ज्योतीराम आला तो पिंपरीच्या एका कारखान्यातून. मूळचा साताऱ्याकडचा, हाताचा पक्का फिटर. काही महिन्यांपासून त्याची झोप गेली होती, जेवण सुटलं होतं आणि आपण सगळ्यांवर ओझं आहोत, हे एकच तो पुन्हा पुन्हा बोलत असे. त्याला घेऊन आला त्याचा थोरला भाऊ मालोजी. पहिले काही आठवडे ज्योतीराम भिंतीकडे तोंड करून असायचा. मग हळूहळू बोलू लागला. सकाळी अंगणात फिरून आला, की माझ्याखाली उभा राहून म्हणायचा, “हजेरी लावून घ्या देवा, शिफ्टला आलो.” अंबुबाई तोंडाला पदर लावून हसायची. दुर्गाबाईंना वाटलं, माणूस वाटेला लागला.

मला मात्र मालोजीचा संशय यायचा. तो भेटायला यायचा तो इकडेतिकडे पाहत, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. एकदा दारातच तो भावाला म्हणाला, “हात-पाय धड हायती, आन् खाटंवर बसून ऱ्हातुयास. कंपनीतली लोकं इचारत्यात, त्यास्नी काय सांगू?” मालोजी गेल्यावर ज्योतीराम तसाच माझ्याखाली उभा होता.

त्याच आठवड्यात तळवड्याहून निरोप आला, की अंबुबाईचे चुलत सासरे वारले. तिला सुतक लागलं. बाईंना सांगावं, तर त्या घरी पाठवतील आणि मग रोग्यांना जेवू कोण घालणार? म्हणून ती गप्प राहिली. पण सुतकात देवाची घंटा आपल्या हातून वाजू नये. दार तर तिला दिवसभर उघडावं लागायचं. तिनं हाताला पदर गुंडाळला, म्हणजे मला बोट लागायला नको, आणि माझ्या लोलकाला एक जुनी चिंधी घट्ट बांधली. दहावा झाला की सोडायची, असं ठरवून.

मी मुकी झाले. दुर्गाबाई सकाळ-संध्याकाळ त्या दारातून गेल्या, आल्या. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

एका दुपारी अंबुबाई मागच्या विहिरीवर होती आणि दुर्गाबाई आतल्या खोलीत एका रोग्यापाशी. ज्योतीरामनं दार उघडलं. त्यानं वर पाहिलं. चिंधी पाहिली. त्या दिवशी त्यानं हजेरी लावली नाही. आवाज झाला नाही, कोणी आलं नाही. तो अंगण ओलांडून नदीच्या बाजूला निघून गेला. ऊन उतरायच्या आत वाईट बातमी आली. ज्योतीरामनं आपलं आयुष्य आपणच संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार पंचनाम्याला आले. त्यांनी दार ढकललं, वर पाहिलं आणि विचारलं, “ही कोणी बांधली?”

मित्रांनो, त्या क्षणापासून बंगलीतली माणसं एकमेकांची उरली नाहीत. मालोजी म्हणाला, डॉक्टरीणबाईंना दुपारची झोप हवी होती, म्हणून त्यांनीच घंटा बांधून ठेवली. दुर्गाबाईंना वाटलं, भावाला गुपचूप घेऊन जायचं म्हणून मालोजीनंच हे केलं असेल. गावानं दोघांवरही आळ घेतला. अंबुबाई चुलीपुढे बसून राहिली. तिचा संशय कोणालाच आला नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण माझी जीभ बांधलेली होती. फौजदारांनी मला चिंधीसकट उतरवलं आणि लाखेची मोहोर मारली.

दुर्गाबाईंवर हयगयीचा खटला उभा राहिला. रोगी जिवाचं बरंवाईट करून घेईल हे माहीत असून डॉक्टरांनी नीट काळजी घेतली नाही, म्हणून तो गेला, असा आरोप होता. तो शाबित झाला असता तर त्यांना शिक्षा झाली असती आणि बंगलीतले बाकीचे रोगी पुन्हा कुलपाआड गेले असते.

कोर्टात मी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढच्या टेबलावर होते. दुर्गाबाईंचे वकील बबनराव पुढे वाकून त्यांना हलक्या आवाजात सांगत होते, की घंटा रोग्यानं स्वतःच बांधली असं म्हणायचं. तो ना करायला येणार नाही, आणि मग डॉक्टरांकडे बोट राहत नाही. दुर्गाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

अंबुबाईला पिंजऱ्यात बोलावलं. चिंधी कोणी बांधली, हे तिला विचारलं. तिनं खाली पाहिलं. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तेव्हा साहेबांनी शिपायाला चिंधी सोडायला सांगितलं. ही घंटा वाजली तर आत ऐकू येते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. शिपायानं गाठ सोडली, मला कडीनं उचललं आणि हलवलं.

मी वाजले. भरल्या कोर्टात माझा आवाज घुमला आणि बाकांवरचे हात आपोआप जुळले. मालोजीनं डोळे मिटले. फौजदारांचा हात छातीशी गेला. मला हलवणाऱ्या शिपायानंही मान झुकवली. हात जोडले नाहीत ते एकट्या दुर्गाबाईंनी. त्या वळून सगळ्यांकडे पाहत राहिल्या.

अंबुबाईला रडू फुटलं. “म्याच बांधली, सायेब. सुतक व्हतं मला. देवाची घंटा हाय ती. सुतकात माज्या हातनं वाजू नये म्हनून बांधली. त्यो जाईल, ह्ये माज्या ध्यानी न्हाई आलं.”

बबनरावांचा चेहरा उजळला. आता दोष मोलकरणीचा झाला होता. ते उठणार, तोच साहेबांनी दुर्गाबाईंना विचारलं, तुम्हांला काही सांगायचं आहे का? बबनरावांनी मानेनं नको म्हटलं. दुर्गाबाई उभ्या राहिल्या.

“अंबुबाई या घंटेला हात जोडते, हे मी रोज पाहत होते,” त्या म्हणाल्या. “ती तिच्यासाठी काय आहे, हे मी कधी विचारलं नाही. दारावर लक्ष ठेवणं माझं काम होतं. घंटा वाजत नव्हती त्या दिवसांत मी त्याच दारातून जात होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. यात तिचा दोष धरू नये.”

निकाल लागला तेव्हा साहेबांनी सांगितलं, की रोगी वाचेलच याची हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि नुसत्या रोग्याच्या मरणावरून डॉक्टरला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण काळजी घेणं त्याला बंधनकारक आहे आणि ती इथे कमी पडली. पण ती कसूर गुन्ह्याइतकी मोठी नाही. दुर्गाबाई सुटल्या. बंगली उघडी राहिली. अंबुबाईही तिथेच राहिली.

मला परत आणलं, त्यानंतर काही दिवसांनी मालोजी आला. आत बोलावलं तरी आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. मी तेव्हा ओसरीतल्या फडताळावर होते.

“बाई, घंटा वाजली असती आन् तुमी भायेर आला असता, तर त्याला काय म्हनला असता?”

दुर्गाबाई उंबऱ्यापाशी आल्या. “चहा घेतोस का, म्हटलं असतं.”

“तेवढ्यानं थांबला असता व्हय?”

“माहीत नाही, मालोजी. कदाचित थांबला असता.”

मालोजी उंबऱ्यावर बसला. “मी तर त्याला लोकांचंच सांगत बसलो,” तो म्हणाला. दुर्गाबाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. मग अंधार पडेपर्यंत दोघांतलं कोणी उठलं नाही.

मला पुन्हा चौकटीवर टांगलं नाही. त्या जागी आता पाळीपाळीनं माणूस बसतं. मी फडताळावरच आहे, वर धूळ साचते, आणि मला त्याचं दुःख नाही. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी गप्प गप्प राहू लागलं, मी सगळ्यांना ओझं आहे असं बोलू लागलं, तर मित्रांनो, त्याच्यावर घंटा टांगून निर्धास्त होऊ नका. त्याच्यापाशी जाऊन बसा, विचारा, मोठ्या माणसाला बोलावून आणा. मी नुसती वाजू शकते. उठून दारापर्यंत तुम्हांलाच जावं लागेल.