नाव नको म्हणाली होती

हनान म्हणू तिला. खरं नाव सांगणार नाही, देशही नाही. एकदा हात पोळलेत, बास झालं.

लंडनमध्ये क्रॉयडनला आमच्या हॉस्पिटलमध्ये ती माझ्याच वॉर्डात नर्स. तिचा भाऊ तिकडे मास्तर. पाव महागला असं फेसबुकवर लिहिलं म्हणून सरकारनं त्याला आत टाकलं. म्हातारी आई दर शुक्रवारी डबा घेऊन तुरुंगात जाते, तेवढीच काय ती भेट.

आमच्या मंडळाच्या भीमजयंतीला बोल म्हणून मीच तिला गळ घातली. तिची एकच अट, नाव नको, फोटो नको. मंडळाचा सेक्रेटरी शशिधर, त्याला मी बजावून सांगितलं. हो हो चंदाताई, म्हणाला मेला.

पोरगी बोलली मात्र सडेतोड. "आमचं सरकार म्हणायचं, मी तुमचा बाप. भाकरी देतो, तोंड बंद ठेवा. आता भाकरी गेली, तोंड मात्र बंदच ठेवायचं." मग शशिधरनं तिला शाल पांघरली.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पेजवर शाल पांघरलेली हनान. खाली तिचं नाव, बापाच्या नावासकट.

शशिधरला फोन लावला. म्हणतो, "ताई, आपल्या आज्याला गावात कोणी धड नावानं हाक मारली नाही. पाहुण्यांचं पूर्ण नाव घ्यायचं नाही, तर सत्कार कसला?" म्हटलं, "गाढवा, मान तुझ्या आज्याचा राहिला होता, तो तू तिच्या आईच्या जिवावर फेडतोस?" मग पेजवरून फोटो काढून टाकला त्यानं. वरातीमागून घोडं.

शुक्रवारी हनानची आई भरला डबा घेऊन परत आली. पहारेकऱ्यानं मोबाइलवर तोच फोटो दाखवून भेट बंद केली होती. पुढच्या शुक्रवारी तिनं सगळ्यांसमोर तुरुंगाच्या साहेबाला सांगितलं, लंडनची ती बाई माझी कोणी नाही. तेव्हा भेट सुरू झाली. आता ती हनानचा फोनही घेत नाही.

शशिधर म्हणतो, "चला, भेट तर सुरू झाली." टाळकंच सरकलं माझं. हा काय आणि ते सरकार काय, दोघांनाही वाटतं, माणसाचं भलं आपल्याला कळतं, त्याला विचारायचं कशाला.

काल ब्रेकमध्ये हनाननं हळूच विचारलं, "चंदा, तो फोटो कोणाकडे असेल का गं?"

"आता कशाला हवाय तो?"

"माझ्या नावापुढे बाबांचं नाव होतं त्यात."