ठिपकीच्या गळ्यातली करणी

थाळीत थुंकीसकट पडलेला लाल दोऱ्याचा गुंडा बघून अख्ख्या अंगणाने श्वास रोखला आणि मग एकच गलका झाला. "निघाली गं बाई, करणी निघाली!" कुंपणापाशी माणसं एकमेकांना ढकलू लागली. कोंबडीच्या गळ्याला जखम नाही, रक्ताचा टिपूस नाही, आणि नुसत्या तोंडाने ओढून आतला दोरा बाहेर! असला तमाशा फुकटात बघायला मिळाल्यावर घरी गॅसवर काय करपतंय याची फिकीर कोणाला?

चमत्कार करणारी बाई म्हणजे इस्त्रीवाली मावशी. या घरात शिवणकाम चालायचं आणि शिवून झालेले कपडे मावशी इस्त्रीला न्यायची. अलीकडे तिच्यात म्हणे कसलीशी शक्ती आली होती. इस्त्री करता करता कुठून आली, ते त्या शक्तीलाच ठाऊक!

आणि कोंबडी म्हणजे ठिपकी, सासूबाईंची लाडकी. कोंबडीच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते ना, ती फुगून दगड झाली होती. ठिपकी दाण्याला शिवेना. सूनबाई म्हणाली, "जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या." पण सासूबाईंनी बोलावलं मावशीला आणि ठिपकीला मांडीवर घेऊन त्या अंगणात बसल्या.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नका," थाळी सासूबाईंपुढे सरकवून मावशी डोळे मिटून डोलायला लागली, "बाहेरचं कोणी नाही हो. घरातलंच माणूस आहे. ज्याला इथून वेगळं व्हायचंय, स्वतःचं दुकान थाटायचंय, त्याचंच हे काम. आधी कोंबडी, आणि मग... जाऊ दे बाई, माझी जीभ नको विटाळायला."

सूनबाईच्या पायाखालची जमीन सरकली. दुकानाचं तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. कपड्यांचं गाठोडं बांधताना, "मावशी, कुठे बोलू नका हं," असं बजावून. तेव्हा तिच्या गालावरून हात फिरवून मावशी म्हणाली होती, "माझ्या पोटातच राहील गं लेकी." लेकी म्हणे!

"खरं आहे का हे?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

"दुकान काढायचं मनात आहे, आई. तुम्हाला मीच सांगणार होते. पण त्याचा ठिपकीशी काय संबंध?"

"म्हणजे खरंच आहे!" सासूबाईंनी ठिपकीला छातीशी धरलं. "मुलीसारखं वागवलं हिला. आजच्या आज माहेरी जा तू."

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. एक शब्द बोल रे बाबा, फक्त एक! पण महाराज आपल्या चपलांचे अंगठे न्याहाळत उभे. तिला रडू फुटणार होतं, पण त्याआधी संताप आला. पुढे होऊन तिने ठिपकीचा गळा चाचपला.

"करणी निघाली ना? मग हे अजून दगडासारखं कसं?"

गर्दीत चुळबुळ झाली. मावशी मात्र बिलंदर. "एक निघाली, दुसरी आत आहे," म्हणत तिने खळखळून चूळ भरली, आ करून रिकामं तोंड सगळ्यांना दाखवलं, पदराने ओठ टिपले आणि म्हणाली, "हो बाजूला."

तेवढ्या दोन शब्दांत सूनबाई चमकली. मावशीची जीभ जड झाली होती. असं बोलणं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलताना तिचे स्वतःचे शब्द असेच बोबडे पडायचे.

"मावशी, पुन्हा एकदा आ करा."

मावशीने मान हलवली.

"आत्ता तर दाखवलंत की! पण ते पदर लावायच्या आधी. आता दाखवा."

मावशीने गिळायचा प्रयत्न केला आणि लागला जोरदार ठसका. कोंबडी राहिली चार हात लांब, आणि दुसरी करणी मावशीच्या तोंडातून थेट फरशीवर! सूनबाईने पदराची गाठ सोडली, तर आत तसलेच आणखी लाल गुंडे निघाले. चूळ, रिकामं तोंड, मग पदर. एवढीच काय ती शक्ती.

"पण आमची कोंबडी हिच्याच हातून बरी झाली होती," कुंपणापलीकडची शेजारीण पुटपुटली.

त्याचं उत्तर दवाखान्यात मिळालं. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन ठिपकीच्या पिशवीला लहानसा छेद दिला आणि चिमट्याने दोरे ओढून काढले. निळे दोरे, शाळेच्या गणवेशांचे. लाल एकही नाही.

"साधा तुंबारा असेल तर चोळूनही सुटतो. करणी ओढताना मावशी गळा दाबत असेल, त्यानेच एखादीचा सुटला असेल," त्या म्हणाल्या. "सकाळी दाणे टाकायच्या आधी गळा चाचपायचा, रात्रीतून पिशवी रिकामी झालेली असते. भरलेलीच लागली तर दाणे बंद, पाणी समोर ठेवायचं, अगदी हलक्या हाताने चोळायचं. उलटं धरायचं नाही, गुदमरून मरेल. एका दिवसात फरक पडला नाही तर इकडे आणायचं. आणि हो, मशीनखालचा केर अंगणात कोण टाकतं?"

तो केर सासूबाईच टाकायच्या.

बाहेर पायरीवर नवरा उभा होता. "मला वाटलं होतंच, की ती मावशी..."

"वाटलं होतं, तर तेव्हा बोलायचं होतं," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी तिचा हात धरला. "चुकले गं. त्या बाईने फसवलं मला."

"तिने मला फसवलं, आई. विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर मांडलं. तुम्हाला फसवायला तिला काही कष्टच पडले नाहीत." सूनबाईचे डोळे भरले, पण हात तिने सोडवून घेतला. "कोंबडी तुमच्या मांडीवर होती. एकदा गळा चाचपला असता, तर आतलं आतच आहे हे कळलं असतं. मी समोर उभी होते. माझं उत्तर पुरतं ऐकलं असतं, तर दुकानाचा ठिपकीशी संबंध नाही हेही कळलं असतं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत आणि मला माहेरचा रस्ता दाखवलात. दुकान मी काढणारच. ते राहू दे. पण उद्या कोणी थाळीत थुंकून माझं नाव घेतलं, तर आधी हात लावून बघा, आधी माझं पूर्ण ऐका. घराबाहेर काढायचं ते त्यानंतर काढा."